घर बंद करायचे की नाही, हे साथ येण्याआधी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींना एच५एन१ बर्ड फ्लूची लागण झाल्याचे उघड झाले, तेव्हापासून फ्लूच्या पुढच्या महासाथीविषयी पुन्हा बरेच लिहून येऊ लागले आहे. सरकारने काय करावे, यावर त्यात पुष्कळ असते. पण साथ आलीच, तर सर्वांत आधीचा निर्णय घरातल्या कर्त्या माणसांना घ्यावा लागतो: दार लावून घ्यायचे, की नेहमीचे व्यवहार चालू ठेवायचे? त्याविषयी हे पत्र. थोडे लांबले आहे. कात्री लावायची झाल्यास आकडे तेवढे ठेवावेत, ही विनंती.

कोविडमुळे 'चौदा दिवस' लोकांच्या अंगवळणी पडले. फ्लूला तो हिशेब लागू नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, बहुतेकांना दोनच. लक्षणांच्या साधारण एक दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला आजार देऊ लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले त्याहून जास्त दिवस. म्हणजे पुण्याहून मुलगा आला किंवा सुट्टीवर तारवटी (बोटीवर नोकरी करणारा) घरी पोचला, तर पूर्ण चार दिवस वेगळ्या खोलीत काढल्यावर मुख्य धोका टळतो. महासाथीचा विषाणू नवा असतो, म्हणून आम्ही सात दिवस धरायला सांगू. मोजणी शेवटच्या संपर्कापासून. इथेच गफलत होते. सोमवारी आलेल्याच्या खोलीत गुरुवारी आलेल्याला झोपवले, की सोमवारवाल्याचे दिवस पुन्हा शून्यापासून सुरू होतात. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून त्याला लवकर बाहेर काढू नये. फ्लूच्या या चाचण्यांतून बऱ्याच लागणी निसटतात.

हे झाले संपर्कात आलेल्या माणसाचे. घरात कोणी आजारी नसताना, साथ वाड्यावर येण्याआधीच सगळ्या घराने स्वतःला बंद करून घेणे ही वेगळी गोष्ट. त्याला इतिहासाचा आधार आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये 'तालुने' ही बोट ऑकलंडहून पश्चिम सामोआला लागली, आजारी उतारू किनाऱ्यावर उतरले, आणि तिथली सुमारे एक पंचमांश माणसे दगावली. शेजारच्या अमेरिकन सामोआने बोटींना किनारा बंद ठेवला; तिथे या साथीने एकही मृत्यू झाला नाही. गोव्याला दाबोळी आणि मोपा हे विमानतळ, कोकण रेल्वे, पत्रादेवी, पोळे, मोले, केरी ही सीमेवरची नाकी, इतकी दारे आहेत, की अख्ख्या राज्याला हे जमणे नाही. एखाद्या घराला जमेल, पण अटी तितक्याच कडक: उंबरठा कोणीच ओलांडायचा नाही, आणि सुरुवात आजार गावात पोचण्याआधी करायची.

अर्धवट बंद केलेल्या घराइतका वाईट सौदा नाही. पाचांतले चार घरात आणि पाचवा रोज कळंगुटच्या हॉटेलात किंवा वेर्ण्याच्या कारखान्यात. मुलांची शाळा बुडते, आजीची देवळाची फेरी बंद होते, दुकानाचे गिऱ्हाईक तुटते, आणि विषाणू मात्र पाचव्याबरोबर संध्याकाळी घरी यायला मोकळा. म्हणून पहिला प्रश्न 'आम्ही किती घाबरलो आहोत' हा नसतो. 'या घरातून कोणाला बाहेर जावेच लागेल' हा असतो. घरात डायलिसिसचा रुग्ण असेल, गरोदर बाईचे दिवस भरत आले असतील, कोणी इस्पितळात, वीज खात्यात, पाणी खात्यात किंवा बससेवेत असेल, तर हे घर पूर्ण बंद होणार नाही, हे मान्य करून पुढचे बेत आखावेत. हातावर पोट असलेल्याला तर हा प्रश्न विचारणेच गैर, त्याच्याविषयी शेवटी.

दुसरा प्रश्न, किती दिवस? एका गावात फ्लूची लाट साधारण सहा ते आठ आठवडे चालते. लस येईपर्यंत दार लावून बसण्याचा बेत कोणी करू नये. नव्या विषाणूवरची लस लोकांपर्यंत यायला सहा महिने तरी लागतात. २००९ मध्ये नवा विषाणू एप्रिलात ओळखला गेला आणि अमेरिकेसारख्या देशातही लस ऑक्टोबरात मिळू लागली. दरवर्षीची फ्लूची लस घेतली असेल तरी नव्या विषाणूवर ती चालेलच, याची हमी नाही. तेव्हा बंद ठेवायचे ते लाटेच्या ऐन भरापुरते, साधारण सहा आठवडे.

बेचाळीस दिवसांची बेगमी गोव्याच्या घरांना नवी नाही. पावसाळ्याआधीचा पुरुमेंत आपण करतोच. फरक इतकाच की तो मापून करायला हवा. पाच माणसांचे घर, माणशी रोज पाव किलो तांदूळ धरला, तर साडेबावन्न किलो होतो. कडधान्य आणि डाळ माणशी ६० ग्रॅमप्रमाणे साडेबारा किलोंच्या वर, तेल ३० मिलिलिटरप्रमाणे सव्वासहा लिटर, साखर पाच किलो. १४.२ किलोचा गॅस सिलिंडर अशा घरात महिनाभर जेमतेम पुरतो, म्हणजे दुसरा भरलेला हवा. उकडा तांदूळ घ्यावा. टिकतो, आणि आजाऱ्याच्या पेजेला तोच लागतो. नारळ असोले ठेवावेत, सोललेले दोन आठवड्यांत नासू लागतात. कांदे-बटाटे जुलैच्या दमट हवेत महिनाभरही धड राहत नाहीत, तिथे सुके बांगडे, सुकी सुंगटे, सोले, कुळीथ आणि अळसांद्यांवर भर द्यावा. सुकी मासळी उघड्या टोपलीत ठेवली की ओल धरते. झाकणाच्या डब्यात, तळाशी कागद घालून ठेवावी आणि ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढावी. पाणी विसरले जाते. ओपा, अस्नोडा किंवा साळावलीच्या जलवाहिनीत बिघाड होऊन नळ कोरडे पडणे आपल्या परिचयाचे आहे. साथीत दुरुस्तीची माणसेच अंथरुणाला खिळली, तर ते लांबेल. पिण्या-रांधण्यापुरते माणशी रोज पाच लिटर धरून तीन दिवसांचे, म्हणजे ७५ लिटर, झाकून ठेवलेले असावे. परसात बांय असेल त्यांनी दोरी-कळशी शाबूत आहे ना, ते पाहावे. वीज गेली की पंप चालत नाही.

औषधे मात्र सहा आठवड्यांची नकोत, दोन महिन्यांची हवीत. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, फिट, दमा, कशाचेही. इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या खणात ठेवावी; बर्फाच्या खणाला टेकून गोठली तर ती वाया गेली. वीज जास्त वेळ गेली, तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मातीच्या ओल्या मडक्यात ठेवावी.

कधी बंद करायचे, यात सर्वांत जास्त चूक होते. लोक ओळखीतला पहिला मृत्यू ऐकेपर्यंत थांबतात. फ्लूमध्ये एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला दोन-तीन दिवस पुरतात. सुरुवातीला रुग्ण तीन दिवसांत दुप्पट होत असतील, तर एका आठवड्यात ते पाचपट होतात, आणि मृत्यूची बातमी लागणीच्या दीड-दोन आठवडे मागून येते. तोवर विषाणू वाड्यात कधीच फिरून गेलेला असतो. आमच्या मते खूण ही: आपल्या किंवा शेजारच्या तालुक्यात, प्रवास न केलेल्या आणि कोणापासून लागण झाली ते न कळलेल्या माणसाला नवा फ्लू झाल्याचे जाहीर झाले, की त्याच दिवशी. त्याआधी बंद केले, तर साठा आणि धीर दोन्ही लाटेच्या भरात संपतात. दोन आठवड्यांनी केले, तर कदाचित विषाणूसकट बंद केले जाते.

घर बंद करणे जमत नसेल आणि एकच गोष्ट करता येत असेल, तर मुलांना शाळेतून आणि ट्यूशनमधून काढावे. कोविडमध्ये मुले त्या मानाने सुटली. फ्लूमध्ये मुलांकडूनच तो सर्वाधिक पसरतो. त्यांच्या अंगात विषाणू जास्त असतो, जास्त दिवस असतो, आणि ती सगळ्यांच्या अंगाखांद्यावर खेळतात.

'जपायचे कोणाला?' याचे उत्तरही आधीपासून गृहीत धरू नये. आजी-आजोबा, हे आपले ठरलेले उत्तर. १९१८ मध्ये वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे मोठ्या संख्येने गेली. २००९ च्या एच१एन१ मध्ये साठीपुढच्यांना लागण त्या मानाने कमी झाली, कारण १९५७ पूर्वीच्या त्याच कुळीच्या विषाणूंशी त्यांची गाठ पडलेली होती. गरोदर स्त्रिया आणि स्थूल माणसे जास्त अडचणीत आली. पहिल्या काही आठवड्यांतले वयानुसार आकडे बाहेर येईपर्यंत गरोदर बाई, दोन वर्षांखालचे मूल, दमेकरी, मधुमेही आणि म्हातारे या सगळ्यांना सारखेच जपावे.

आता बहुसंख्य घरांचे, जिथे एकाला तरी कामावर जावे लागते. इथे घराचेच दोन भाग करायचे. जुन्या घरात हे सोपे. बाल्कांवाकडे (दारापुढच्या बसायच्या ओट्याकडे) उघडणारी पुढची खोली बाहेर जाणाऱ्याची, मागची वसरी आणि स्वयंपाकघर बाकीच्यांचे. त्याने पुढच्या दाराने यायचे-जायचे, बाहेरचा संडास-न्हाणी वापरायची, जेवण खोलीत. फ्लॅटमध्ये संडास जोडलेली खोली त्याची. तशी सोय नसेल तर निदान झोपायची खोली वेगळी हवी, आणि बाकीच्यांत मिसळताना त्याने मास्क लावायला हवा. जेवताना एकत्र बसणे टाळलेच पाहिजे, कारण मास्क तिथेच उतरतो. सहा आठवडे नवरा-बायकोने किंवा बाप-लेकराने असे राहणे कठीण आहे, हे आम्हाला कळते. दुसऱ्याच आठवड्यात नियम ढिले होतात. पण घरात दमेकरी किंवा गरोदर बाई असेल, तर हा त्रास सोसण्यासारखा आहे.

बाहेरून येणाऱ्या वस्तूंचा धाक कोविडात फार घेतला गेला. फ्लूचा विषाणू स्टील, प्लास्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर २४ ते ४८ तास तग धरतो, कापड-कागदावर बारा तासांच्या आत मरतो. पोदेराला (पाववाल्याला) फाटकावर पिशवी टांगून ठेवावी, पैसे महिनाअखेर द्यावेत. दुधाची पिशवी साबणाने धुवावी, हात वीस सेकंद धुवावेत, की झाले. भाजी सोड्यात, मिठात, कशाकशात बुडवत बसू नये. धोका माणसाच्या श्वासात आहे. फाटकावर पोदेराशी समोरासमोर पाच मिनिटे गप्पा मारून मग पाव पुसत बसणे म्हणजे मांजर आत घेऊन दार लावण्यासारखे.

एवढे करूनही कोणी आजारी पडलेच, तर हात टेकू नयेत. घरात एकाला झाला म्हणजे सगळ्यांना होतोच असे नाही. उरलेल्यांपैकी साधारण दहा ते चाळीस टक्क्यांना लागतो, असे निरनिराळ्या पाहण्यांतून दिसते. तो आकडा दहाकडे ओढणे बरेचसे खोलीवर अवलंबून आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैर्ऋत्येचा. पश्चिमेची खोली आजाऱ्याला दिली आणि खिडकी उघडली, की वारा तिथून शिरून त्याचा श्वास घरभर पसरवतो. पूर्वेची किंवा ईशान्येची खोली द्यावी. खिडकीत एक्झॉस्ट पंखा बसवावा. नसेल तर टेबलफॅन तोंड बाहेर करून खिडकीला लागून ठेवावा आणि उरलेल्या जागेत पुठ्ठा लावावा. मग खोलीचे दार लावून, बाहेरून दाराच्या खालच्या फटीशी पेटती उदबत्ती धरावी. धूर खोलीत ओढला गेला पाहिजे. तो आपल्या तोंडावर आला, तर कुठेतरी उलटे चालले आहे. बहुधा स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू असतो आणि आजाऱ्याच्या खोलीतली हवा तोच ओढून घेतो. तो बंद करून, पश्चिमेची एखादी खिडकी उघडून, पुन्हा उदबत्ती धरावी. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, त्याचा इथे उपयोग नाही.

सेवा एकानेच करावी, गरोदर बाईने करू नये. आत जाताना दोघांनीही मास्क लावावा. सेवा करणाऱ्याचा एन-९५ असावा. चष्मा धुरकटत असेल तर नाकाशी फट आहे. दाढी असेल तर मास्क बसत नाही, दाढी काढावी. एन-९५ धुवू नये; चार-पाच मास्क कागदी पिशव्यांत घालून, त्यांवर वार लिहून आळीपाळीने वापरावेत. ताट दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून मागे सरावे, मग आजाऱ्याने दार उघडावे. संडास एकच असेल तर आजाऱ्याने सर्वांत शेवटी जावे, आणि नंतर अर्धा तास खिडकी उघडी ठेवून कोणी जाऊ नये. पुसायला एक लिटर पाण्यात तीन ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरे, द्रावण रोजचे रोज करावे. गेल्या वर्षीची, दमट झालेली पावडर निकामी असते. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ती कधीही मिसळू नये. त्यातून निघणाऱ्या क्लोरीनने फुप्फुसे भाजतात.

औषधांत पॅरासिटामॉल मुख्य. मोठ्यांना ५०० मिलिग्रॅमची गोळी सहा तासांच्या अंतराने; सर्दीच्या तयार गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असते, ती बेरीज धरून दिवसाला चार ग्रॅमच्या वर कधी जाऊ नये. यकृताचे दुखणे असलेल्यांनी आणि अशक्त म्हाताऱ्यांनी मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. मुलांना वजनाप्रमाणे, एका वेळी किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. हृदयासाठी रोज छोटी मात्रा घेणाऱ्या आजोबांनी मात्र ती आपल्या मनाने बंद करू नये. ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांत घेतल्यास सर्वांत उपयोगी. म्हणून जोखमीच्या माणसाला ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा, 'उद्या बघू' म्हणू नये. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. पाणी कमी पडू देऊ नये: मीठ घातलेली पातळ पेज, किंवा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा.

घरी ठेवण्याचीही हद्द असते. विश्रांतीत ऑक्सिजन ९४ च्या खाली, मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला तीसच्या घरात, ओठ निळसर, छातीत दुखणे, बोलण्यात असंबद्धपणा, आठ-दहा तास लघवी नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास चाळीस किंवा त्याहून जास्त, एक वर्षाखालच्याचा पन्नास, दोन महिन्यांखालच्याचा साठ. यांतले काहीही दिसले की १०८. आणखी एक खूण लोकांना फसवते. ताप उतरतो, दोन दिवस बरे वाटते, आणि पुन्हा ताप-खोकला उलटतो. तो बहुधा जिवाणूंचा न्यूमोनिया असतो. १९१८ मध्ये सर्वाधिक माणसे त्यानेच मेली, आणि त्याच्यावर मात्र अँटिबायोटिक चालते. वाट पाहू नये.

आजाऱ्याला खोलीतून बाहेर घ्यायचे ते सात दिवस झाल्यावर, आणि पॅरासिटामॉलविना पूर्ण चोवीस तास ताप नसेल तर. बंद घर उघडायचे ते तालुक्यातले नवे रुग्ण सलग दोन आठवडे घटल्यावर. पुरुमेंत तेव्हा मोडून खाऊ नये, पुन्हा भरावा. १९१८ ची जूनमधली लाट सौम्य होती, माणसे गेली ती सप्टेंबरनंतरच्या लाटेत.

आणि नेमकी तेव्हाच आपली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, असते. आपल्या देशात फ्लू वर्षातून दोनदा वाढतो, जानेवारी-मार्चमध्ये आणि पावसाच्या अखेरीस. चवथीला मूळ घरी चार ठिकाणांहून चार बिऱ्हाडे येतात, एका माटोळीखाली दीड दिवस एकत्र जेवतात-झोपतात. घरे बंद ठेवण्याचा बेत मोडतो तो बाजारामुळे कमी, यामुळे आणि मयताला जाण्यामुळे जास्त. कोणाच्या मयताला जायचे आणि कोणाच्या नाही, हे शांत डोक्याने, साथ नसताना, भावंडांनी बसून ठरवावे. वाईट वाटते, पण त्या दिवशी निरोप आला की कोणालाच 'नाही' म्हणता येत नाही. पूजेचे यंदाचे बिऱ्हाड एकच, बाकीच्यांनी आपापल्या घरून नमस्कार, असेही आधीच ठरू शकते.

राहता राहिले रोजंदारीवरचे. त्यांना घर बंद करायला सांगायचे, तर पहिल्या दिवसापासून शिधा दारात गेला पाहिजे. मार्च २०२० च्या अखेरीस किराण्यासाठी गोव्यात काय धावपळ झाली, ती सगळ्यांनी पाहिली आहे. पंचायतींनी येत्या ग्रामसभेतच वाडावार दोन याद्या कराव्यात: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची आणि रोजंदारीवरच्या घरांची. प्रत्येक यादीपुढे पोचवणाऱ्याचे नाव आणि त्याच्याऐवजी दुसरा कोण, हेही हवे, कारण पोचवणाराही आजारी पडणार. कोविडच्या दिवसांत आरोग्य संचालनालय रोजच्या पत्रकात आरोग्य केंद्रनिहाय रुग्ण देत असे. फ्लूच्या बाबतीतही तसेच पत्रक पहिल्या रुग्णापासून निघावे, त्यात वय आणि लागणीचा मागोवा लागला की नाही, हे दोन रकाने वाढवावेत, आणि ते पंचायतीच्या फलकावरही लागावे. वर सांगितलेली खूण पाहायला घराघराला दुसरे साधन नाही.

आपले,
सार्वजनिक आरोग्य सेवेतील काही निवृत्त डॉक्टर व परिचारिका
फोंडा, गोवा